वालीचा प्रश्न आणि माझा रिमोट

मालवण तालुक्यातली लग्नं, जत्रा, होमस्टेच्या रील्स आणि अधूनमधून एखादी आंब्याची बाग वरून शूट करून देणं हा माझा धंदा. ऑक्टोबर ते मे बरं चालतं. पावसाळ्यात ड्रोन डब्यात, बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर कपाटात, आणि मी बायकोच्या दुकानात. त्या रिकाम्या दिवसांत वाचन होतं आणि नको ते विचारही होतात. हे लिखाण त्यातलंच.

ड्रोन उडवणाऱ्याला लवकर कळतं की वरून माणूस फार थोडा दिसतो. साठ-सत्तर मीटरवर गेलं की चेहरा संपला. उरतं ते डोकं, खांदे आणि ऊन तिरकं असलं तर माणसापेक्षा लांब सावली. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाचा शॉट प्रत्येक होमस्टेवाल्याला हवा असतो. दोन बाजूंना दोरीला लागलेली माणसं, मधे पाण्यात जाळ्याचा अर्धगोल, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. (घारींचं जरा सांभाळावं लागतं, त्या ड्रोनवर झडप घालतात.) त्या दोरीला लागलेल्यांपैकी काहीजण माझ्याबरोबर शाळेत होते. तरी स्क्रीनवर कोण कुठला ते मला सांगता येत नाही. टी-शर्टाच्या रंगावरून, चालीवरून अंदाज बांधायचा.

खालच्यांना मात्र मी अजिबात दिसत नाही. घरघर ऐकून ते वर बघतात. बांगडे वाळत घालणाऱ्या एका काकीने एकदा डोक्यावर पदर ओढून आभाळाकडे बघतच हाक दिली होती, "वरसून काय बघतस रे झिला? खाली ये मगे, बांगडे परतूक लाग!" मी तिच्या मागे, सुरूच्या झाडीत, रिमोटवर टॉवेल धरून उभा होतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून सावली शोधावी लागते. शिवी आभाळाला जात होती आणि ऐकणारा पाठीशी होता. तेव्हा मी मनसोक्त हसलो.

मग युक्रेनच्या लढाईचे व्हिडिओ मोबाइलवर यायला लागले. माझ्याकडे जे डीजेआय कंपनीचं मॅव्हिक ड्रोन आहे, त्याच घराण्यातली यंत्रं तिथे टेहळणीला आणि खंदकात बाँब टाकायला वापरतात. कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन दोन्हीकडची विक्री थांबवली, म्हणून ती तिथे पोचायची काही थांबली नाहीत. व्हिडिओत कोपऱ्यातले उंचीचे आकडे, बॅटरीची पट्टी, सगळं माझ्या ओळखीचं. खंदकात एक माणूस पाठीवर पडून वर बघतोय. वरून येणारी वस्तू तो बघतोय, ती पाठवणारा त्याला दिसत नाही. हसू गेलं ते तिथे.

आमच्याकडे ड्रोन म्हटलं की लोकांना आधी मत्स्यखात्याचं ड्रोन आठवतं. जानेवारी २०२५ पासून राज्य सरकारने अवैध मासेमारी पकडायला किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली. मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड ही आमच्या बाजूची ठिकाणं. रापणवाल्यांना आणि छोट्या होड्यांवाल्यांना ते हवंच होतं. एलईडीच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर (मासळीला वेढून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर) राज्याने २०१६ पासून निर्बंध आणले, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात शहर वसल्यासारखे दिवे. जनरेटर लावून समुद्रात उजेड पाडायचा, मासळी त्या उजेडाला जमते, मग भोवतीने जाळं आवळून सगळी उचलायची. एका बाजूला ही ताकद आणि दुसऱ्या बाजूला हाताने ओढायची रापण. असमतोल म्हणजे काय हे आमच्या लोकांना कुठल्या पुस्तकातून शिकायला नको. म्हणून ड्रोन आलं तेव्हा बंदरावर एकच सूर होता, "बरा झाला, आता गावतले."

मलाही बरंच वाटलं. तंत्रज्ञान वाईट, पूर्वीचं सगळं चांगलं, हे रडगाणं मला जमत नाही. माझं पोट त्यावर आहे.

पण डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. माझा आतेभाऊ टँकरवर आहे, तेव्हा त्याची बोट एडनच्या आखाताकडे निघाली होती. २३ तारखेला बातमी आली की गुजरातच्या किनाऱ्यापासून साधारण २०० सागरी मैलांवर केम प्लूटो नावाच्या टँकरवर ड्रोन आदळलं. सौदीहून मंगळूरला कच्चं तेल घेऊन येणारी बोट, खलाशी बहुतेक आपलेच. सुदैवाने कोणी मेलं नाही. तटरक्षक दलाने तिला मुंबईपर्यंत सोबत केली. आतेच्या घरी त्या रात्री कोणी जेवलं नाही. भावाची बोट वेगळी, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्याचा व्हॉट्सअॅपवर "ओके" येईपर्यंत आते दारातच बसून. अमेरिका म्हणाली की ड्रोन इराणमधून सुटलं, इराणने साफ नाकारलं. झालं, विषय संपला. आते टीव्हीकडे बघत म्हणाली, "कोणी मारल्यान ता तरी कळाक नको?"

मला वाटतं सगळा प्रश्न तिने त्या एका वाक्यात विचारला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना त्यासाठी बरेच कागद लागले. ते मी नंतर वाचले, जमतील तसे.

येल विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक पॉल कान यांनी २००२ मध्ये मांडलं ते असं: लढाईत सैनिकाला मारायची मुभा असते, कारण समोरचाही त्याला मारू शकतो. दोघांनी आपापला जीव पणाला लावलेला असतो. एका बाजूचा धोका पार काढून टाकला, तर ती मुभा कशावर उभी राहणार? मग ती लढाई राहत नाही, पोलिसी कारवाई होते. आणि पोलिसाला समोरचा गुन्हेगार आहे हे आधी दाखवावं लागतं. त्यांच्यासमोर कोसोव्होचं उदाहरण ताजं होतं. १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस हवाई हल्ले केले आणि शत्रूच्या माऱ्यात त्यांचा एकही माणूस गेला नाही.

याच्या उलट ब्रॅडली स्ट्रॉसर. हे अमेरिकी नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत. २०१० मधला त्यांचा युक्तिवाद सरळ आहे: युद्ध न्याय्य असेल आणि तेच काम आपल्या माणसाचा जीव धोक्यात न घालता होत असेल, तर उगाच त्याला धोक्यात घालणं हेच अनैतिक. हे वाचून मी मान डोलावली, खोटं कशाला बोलू? सावंतवाडीकडे घराघरांत सैन्यातली माणसं आहेत. त्यातल्या कुठल्याही आईला विचारा, मुलगा पाठवू की मशीन? शौर्य वगैरे शब्द ज्यांचं कोणी सीमेवर नाही त्यांच्या तोंडी जास्त असतात.

तिसरे म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ ग्रेग्वार शामायू. २०१३ मध्ये त्यांनी म्हटलं की ड्रोनमुळे युद्धाची शिकार झाली आहे. दोन लढणारे उरत नाहीत. एक शिकारी, दुसरं सावज. इथे मी थांबलो, कारण हे मी आधी ऐकलं होतं आणि तेही दशावतारात.

आमच्याकडच्या जत्रेत दशावताराचं नाटक रात्रभर चालतं हे सांगायला नको. संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर बोलतो. त्यामुळे वाली करणारा नट चांगला असला की वालीवधाचं आख्यान पहाटेपर्यंत खेचतं. वाली-सुग्रीवाची कुस्ती पटकन उरकतात, पण बाण लागून पडलेला वाली बोलायला लागला की मांडवात पिंक टाकायलाही कोणी उठत नाही. मी दुसऱ्याशी लढत होतो, तू झाडाआडून मारलंस. समोर आला असतास तर आज तूच यमाच्या दारी असतास. हे नटाच्या पदरचं नाही, वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात जवळपास असंच आहे. तिथला वाली आणखी एक वर्मी बोलतो. माझं मांस सज्जन खात नाहीत, माझं कातडं कोणी पांघरत नाही, मग मला मारलंस कशाला?

रामाची उत्तरं लांबलचक आहेत. तू धाकट्या भावाची बायको ठेवलीस, ही भूमी इक्ष्वाकूंची आहे, भरताच्या राज्यात अधर्माला शासन करणं आमचं काम, असं बरंच. आणि त्यात एक उत्तर असं येतं की तू वानर आहेस. माणसं जाळी लावून, फासे टाकून, लपून किंवा उघडपणे मृग पकडतातच, त्यात दोष नाही.

लहानपणी आजोबांच्या मांडीवर हे ऐकताना मला ते उत्तर लंगडं वाटायचं. आता वाटतं की लंगडं असलं तरी ते फार प्रामाणिक आहे. न दिसता मारायचं तर समोरच्याला आधी माणसांच्या यादीतून काढावं लागतं. तो गुन्हेगार आहे एवढं म्हणून भागत नाही, कारण गुन्हेगाराला निदान आरोप ऐकायचा हक्क असतो. त्याला मृग करावं लागतं.

हे आजही होतं. युक्रेनमधल्या खेरसनमध्ये नदीपलीकडून येणारी छोटी रशियन ड्रोन रस्त्यावरच्या साध्या माणसांमागे लागतात. सायकलवाला, बसथांब्यावरची बाई, रुग्णवाहिका. तिथले लोक त्याला "माणसांची सफारी" म्हणतात. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने हे हल्ले मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरतात असा निष्कर्ष काढला. पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात तर अमेरिकेने वर्षानुवर्षं नाव माहीत नसलेली माणसं नुसत्या हालचालींवरून टिपली. कोण कुणाला भेटतो, किती गाड्या, किती माणसं जमली, यावरून. १७ मार्च २०११ ला दत्ता खेलमध्ये क्रोमाइटच्या खाणीचा वाद मिटवायला बसलेल्या जिरग्यावर क्षेपणास्त्रं पडली, चाळीसेक माणसं गेली. आमच्या भाषेत गावकीची बैठकच ती. टी-शर्टाच्या रंगावरून माणूस ओळखायचा माझा उद्योग आठवला आणि घशाशी आलं.

त्याच भागातल्या एका मुलाची आजी ऑक्टोबर २०१२ मध्ये शेतात भेंडी तोडताना ड्रोनहल्ल्यात गेली. वर्षभराने तो तेरा वर्षांचा पोरगा वॉशिंग्टनमध्ये खासदारांसमोर बोलला. मला आता निळं आभाळ आवडत नाही, म्हणाला, ढगाळ असलं की ड्रोन उडत नाहीत. ऐकायला पाच लोकप्रतिनिधी हजर होते.

आता "पूर्वी लढाया कशा समोरासमोर होत" असं कोणी म्हणालं तर कोकणातल्या माणसाने तरी त्यावर विश्वास ठेवू नये. मनुस्मृतीने लपवलेली आणि विषारी शस्त्रं वापरू नयेत म्हणून सांगितलं, ख्रिस्ती धर्मसभेने ११३९ मध्ये ख्रिस्त्यांविरुद्ध यांत्रिक धनुष्य वापरायला बंदी घातली. ऐकलं कोणी? १५०८ मध्ये चौलला पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा मारला गेला, त्याच वर्षअखेर अल्मेदाने दाभोळ जाळलं, दिसेल त्याची कत्तल केली. जहाजावरच्या तोफेला किनाऱ्यावर उत्तर नव्हतं. कान्होजी आंग्र्यांनी उत्तर वेगळ्या पद्धतीने शोधलं. वारा पडला की मोठं जहाज जागेवर खिळतं, अशा वेळी वल्ह्यांची गलबतं गुराबांना (तोफा चढवलेल्या मोठ्या नौकांना) ओढत त्याच्या पिछाडीला नेत आणि जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत तिथून मारा करत. लहान, स्वस्त, पुष्कळ. चार-पाचशे डॉलरचं ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा जाळतं तेव्हा हेच चाललेलं असतं. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकांत लपवलेली ११७ ड्रोन रशियाच्या आत, थेट तळांच्या जवळून सोडून बाँबफेकी विमानं पेटवली, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने कान्होजींचं चित्र टाकलं होतं. उगाच नाही.

अर्थात आंग्र्यांचंही पुढे काय झालं ते विजयदुर्गाला गेलं की दिसतं. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आले, लांबून बाँबगोळे टाकले, तुळाजींचं आरमार जागच्या जागी जळालं. आणि इंग्रजांचा दोस्त कोण होता, तर पेशवे. तो विषय काढला की आमच्याकडे जेवणाची पानं थंड होतात, सोडून देऊ.

सांगायचं ते असं की असमतोल आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. तो काही टिकत नाही, आणि तोच मूळ अधर्म आहे असंही मला वाटत नाही. लपण्याचंही तसंच. गनिमी काव्याचं कौतुक करणाऱ्या मुलखात बसून लपून मारण्याला नाकं मुरडणं शोभत नाही. माझं घोडं अडतं ते वालीच्या गोष्टीतल्या पुढच्या भागापाशी. बाण मारल्यावर राम झाडाआडून बाहेर येतो. पडलेल्या वालीसमोर उभा राहतो. त्याचं सगळं बोलणं, शिव्यांसकट, ऐकून घेतो आणि एकेक उत्तर देतो. उत्तरं पटोत न पटोत. वाली शेवटी अंगदाला त्याच्याच पदरात टाकतो, ते समोर कोणीतरी उभं आहे म्हणून.

ड्रोनच्या गोष्टीत हा भागच गळलाय. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एक पांढरी गाडी उडवली. गाडीत स्फोटकं आहेत असं समजून दिवसभर तिचा माग काढला होता. ते पाण्याचे कॅन होते. दहा माणसं गेली, त्यात सात मुलं. सुरुवातीला सेनादलप्रमुख कारवाई योग्य होती म्हणाले. पत्रकारांनी खणून काढल्यावर, सतरा सप्टेंबरला, भयंकर चूक झाली अशी कबुली आली. डिसेंबरात कळलं की शिक्षा कोणालाच नाही. प्रत्येकाने आपापला भाग नियमाप्रमाणे केला होता. विमान उडवणारा एकीकडे, चित्र बघणारा दुसरीकडे, हो म्हणणारा तिसरीकडे, कायद्याचा सल्लागार चौथीकडे. एवढ्यांतून झाडाआडून बाहेर कोणी यायचं?

इथे मला त्या चालकांचीही बाजू घ्यायची आहे. ही माणसं नेवाड्याच्या वाळवंटात, लास वेगासजवळच्या तळावर, वातानुकूलित खोलीत बसून काम करत आणि संध्याकाळी गाडीने घरी जात. व्हिडिओगेम खेळतात म्हणून त्यांची टवाळी होते. पण त्यांना सावज तासन्तास, कधी आठवडेच्या आठवडे दिसतं. पोरांना खेळवताना, जेवताना, आणि मग मारल्यानंतरही. कित्येकांना मानसिक त्रास जडले, त्यावर अभ्यास झालेत. बघणं फुकट नसतं. मी लग्नंच शूट करतो, तरी वधूचा बाप मांडवामागे एकटा उभा राहून डोळे पुसताना दिसला की बोट आपसूक कॅमेरा फिरवतं. मी तिथे नाही, आणि तरी आहे.

उद्या बघणाराही नसेल ही पुढची पायरी. यंत्रच ठरवेल कुणाला मारायचं. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्वयंचलित शस्त्रांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चारच देश होते आणि त्यात भारत होता. आपली भूमिका अशी की चर्चा जिनिव्हातल्या आधीपासूनच्या मंचावरच व्हावी, नवं बंधन आत्ताच नको. मला कारण समजतं. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आली असं आपल्याच सरकारने सांगितलं, आणि ती पाडताना जुन्या एल-७० तोफाही कामाला आल्या. एवढी आली तर प्रत्येकाकडे माणूस कुठे पुरणार? येणारं ड्रोन यंत्राने पाडावं, याला माझी काही हरकत नाही. पण माणूस पाडताना यंत्राने ठरवू नये, एवढी रेघ मारायला काय हरकत होती? अमेरिकेकडून आपण ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेतोय, त्यातली १५ नौदलाची. कधीतरी ती आमच्या डोक्यावरूनही अरबी समुद्रावर जातील. अभिमानही वाटेल, मी काही साधू नाही.

युक्रेनला ड्रोन अडवायला रस्त्यांच्या वरून जाळी ताणतात हे वाचलंत का? फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांनी आपली जुनी जाळी त्यासाठी पाठवली, डेन्मार्क-स्वीडनहूनही गेली. पंखा जाळ्यात अडकला की ड्रोन संपलं. आमच्या बंदरावर हे सांगितलं तेव्हा रापणकरांनी पहिला प्रश्न विचारला तो आसाचा, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचा: केवढा ठेवतात? दुसरा प्रश्न, जुन्या जाळ्याचे पैसे मिळतात का.

त्याच बैठकीत दुसराही विषय निघाला. खात्याचं ड्रोन सगळीकडे पोचत नाही, तर पहाटे परत येणाऱ्या एलईडीच्या बोटींचं शूटिंग तू करून दे, म्हणजे आम्ही तक्रारीला जोडू. पैसे देऊ म्हणाले. मी म्हटलं, करतो, परवानगीचं तेवढं बघा, आणि व्हिडिओवर माझं नाव येऊ दे. कोणी काढलं ते समोरच्याला कळलं पाहिजे, त्याला काही म्हणायचं असेल तर माझ्या दारात येऊन म्हणू दे. सगळे गप्प. मग माझ्याच वर्गातला एकजण हसून म्हणाला, "नाव घातलंस तर उद्या तुझी गाडी फोडतले."

बायको म्हणते नाव घालू नकोस. आते म्हणते घाल. मी अजून होकार कळवलेला नाही.